मटण मिस्त्री

पहिल्या पोकलेनवर मी अडीच तास घालवले, आणि शेवटी कळलं की मशीन बिघडलेलंच नव्हतं.

झालं असं. ट्रक-ट्रॅक्टरच्या वायरिंगमधून मी नुकताच या मोठ्या मशीनकडं सरकलो होतो. खोदकाम करणारं ते लांब हाताचं धूड. कंपनी कोणतीही असो, आमच्या जालना जिल्ह्यात त्याला पोकलेनच म्हणतात. मंठ्याकडच्या एका तलावाच्या कामावर ते उभं होतं. इंजिन मस्त धडधडत होतं, पण मशीन ना हात हलवी ना पाय. मी बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिले, सीट उचकटली, सीटखालच्या सगळ्या वायरी बाहेर काढून शेवया वाळत घालाव्या तशा पसरल्या. भोवती गावातले वीसेक लोक उकिडवे बसून पाहत होते. अडीच तासांनी त्यांच्यातला एक म्हातारा उठला, केबिनमध्ये डोकावला आणि म्हणाला, "बाबू, ह्यो लाल दांडा डायवर उतरताना वर करीत असतो. खाली कव्हा करायचा असतो?"

मी दांडा खाली केला आणि हँडल ओढलं. मशीननं डौलात हात वर केला. मला तो निरोप घेतल्यासारखा वाटला.

त्या दांड्याबद्दल चार शब्द सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पोकलेनच्या अंगात जी ताकद असते ती तेलाची. पंप तेल दाबतो, ते जाडजूड नळ्यांतून पळतं आणि डोंगर फोडतं. पण त्या तेलाला वाट मोकळी करायची परवानगी देते वीज. ऑपरेटरनं लाल दांडा खाली केला की एक बटण दाबलं जातं, त्यातून चोवीस व्होल्टचा करंट पेरूएवढ्या एका कॉइलला मिळतो, कॉइल लोहचुंबक होते, झडप ओढून धरते आणि तेल सुटतं. करंट गेला की झडप बंद, आणि वीस टनांचं मशीन रुसून बसतं. शेत तुमचं, विहीर तुमची, बैल तुमचे, पण सही तलाठ्याची. तसा हा कारभार. मी आयुष्यभर त्या तलाठ्याच्या मागं फिरलो.

आमच्या धंद्यात दोन जाती. एक तेलवाले, एक वायरवाले. मशीन बंद पडलं की तेलवाला म्हणतो, "करंटचा फॉल्ट हाय," आणि वायरवाला म्हणतो, "पंप गेला." तेवढ्यात दोघांचा चहा होतो. बदनापूरच्या एका मालकानं मला आणि एका तेलवाल्याला एकाच वेळी बोलावून समोरासमोर बसवलं आणि म्हणाला, "तुमचं ठरू द्या, तवर मी लेकीचं सासर पाहून येतो." तो आला तरी आमचं ठरलेलं नव्हतं. त्याच मशीनवर त्याच्या मेव्हण्यानं बॅटरी न काढता वेल्डिंग केलं होतं आणि कंट्रोलरचा पापड झाला होता. मेव्हणा तेव्हा आमच्याच शेजारी बसून दोघांना बिस्किटं देत होता.

या गोष्टी मी हसत हसत सांगतो. पण एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याआधी दुसरेच सांगतात. माझ्या मुलीच्या लग्नात वरपक्षाच्या गाडीचा ड्रायव्हर मंडपात शिरता शिरता ओरडला, "अरे, मटण मिस्त्री!" आणि गळ्यात पडला. व्याही बिचारे कितीतरी दिवस समजत होते, मी खानावळ चालवतो. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी औरंगाबादहून नवा डिजिटल मीटर आणला होता. त्याआधी आम्ही ट्रकच्या बल्बला दोन वायरी डाख देऊन जोडायचो आणि तो जिथं तिथं लावून बघायचो. पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. मीटर आल्यावर तो बल्ब मला गावंढळ वाटायला लागला. मीटरवर आकडे यायचे. आकडा सांगितला की मालक मान डोलावायचा. कळायचं त्याला काही नाही आणि बऱ्याचदा मलाही.

आणि दुसरी एक गोष्ट. मिस्त्री साइटवर आला की त्याला जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. माझी बायको मंगल पहाटे उठून डबा करायची आणि मी तो ओट्यावर ठेवून निघायचो. "नको म्हणलं तर मालकाला वाईट वाटतं," असं मी तिला सांगायचो. खरं कारण असं की मिस्त्रीसाठी लोक बहुतेक मटण करतात.

एप्रिलमध्ये वडीगोद्रीच्या अण्णांचा निरोप आला. अण्णा म्हणजे मुरमाच्या खाणीचे आणि एका पोकलेनचे मालक. मनानं वाईट नाहीत, पण आपण सोडून सगळं जग काम चुकवतं अशी त्यांची पक्की समजूत. मी सकाळी नऊला पोचलो तेव्हा ते कमरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांचा ऑपरेटर सुखदेव खाली मान घालून उभा होता. सुखदेव मंठ्याजवळचा. आठ वर्षांत मशीन धुण्यापासून सुरुवात करून हँडलपर्यंत पोचलेला, शांत माणूस.

"मिस्त्री, मशीनला कायबी झालेलं न्हाई," अण्णा म्हणाले. "झालंय ते या माणसाला. मी समोर असलो की मशीन पळतं, मी गेलो की बंद. मशीनला काय डोळे हायत?"

"अण्णा, तुमी सकाळी येता. ते दुपारी बंद पडतं," सुखदेव म्हणाला.

"बघा! दुपारचीच झोप येती याला. तिकडं दुसऱ्या मालकानं फितवला असंल, माझं काम बंद पाडाय." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी फकस्त एवढं सांगा, मशीन बराबर हाय का न्हाई. मंग त्याचं मी बघतो."

म्हणजे मला मशीन तपासायला बोलावलं नव्हतं, माणूस तपासायला बोलावलं होतं. हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मी कॉइलचा कपलर काढला. कपलर म्हणजे वायरीला वायर जोडणारा प्लास्टिकचा सांधा. त्यात मीटरच्या सुया घातल्या. आकडा आला चोवीस. पूर्ण चोवीस. मी तीनदा मोजला, तिसऱ्यांदा तर मीटर उंच धरून सगळ्यांना दाखवला. कॉइल मोजली, ठणठणीत. कपलर परत लावला, सुखदेवनं मशीन चालवलं, ते नव्या नवरीसारखं लवलवत चाललं.

सुखदेव खाली उतरून माझ्याजवळ आला. "मिस्त्री, एक इनंती हाय. दुपारपोत थांबा. उन्हं तापली की ते गचकतं. दहा-पंधरा मिनटं हलत न्हाई, मंग आपोआप सुरू व्हतं. मी खोटं बोलून न्हाई राह्यलो."

साडेअकरा वाजले होते. मी थांबणारही होतो. पण तेवढ्यात अण्णा जीपमधून म्हणाले, "चला मिस्त्री, जल्दी. बोकडाचं केलंय, गार व्हईल."

मी सुखदेवकडं पाहिलं, उन्हाकडं पाहिलं आणि जीपकडं पाहिलं. जीप सुरू झालेली होती.

मटण झकास होतं. अण्णांच्या घरी काळा मसाला बायका हातानं कुटतात आणि तो लपत नाही. मी दुसरी भाकरी मोडत होतो तेव्हा दारात कुणीतरी धापा टाकत आलं. मुरूम वाहणाऱ्या टिप्परचा ड्रायव्हर असावा. "मिस्त्रीला जल्दी बोलवलंय" असं काहीतरी कानावर आलं. अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, "जेवू दे रे त्यान्ला." मी मान वर केली नाही. माझ्या हातात मटणाची नळी होती.

"मंग?" अण्णांनी विचारलं. "काय निघालं?"

"मशीनमध्ये फॉल्ट नाही," मी म्हणालो.

"मंग कशात हाय?"

"ते मी कसं सांगू? मी वायरीचा मिस्त्री, माणसांचा नाही," असं म्हणून मी नळी ताटाच्या काठावर आपटली. सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी अण्णांनी सुखदेवला काढून टाकलं.

इथवरही ठीक होतं असं म्हणता आलं असतं, मिस्त्री चुकतात. पण मी आणखी एक पराक्रम केला. जालन्याला अंबड चौफुलीवर एका चाचांचं चहाचं हॉटेल होतं. जिल्ह्यातले सगळे ऑपरेटर, ड्रायव्हर, मालक तिथं टेकायचे. कुणाला माणूस पाहिजे, कुणाला काम पाहिजे, ते तिथंच ठरायचं. या धंद्यात सर्टिफिकेट कोणी पाहत नाही. चाचांच्या बाकड्यावर तुमचं नाव कसं निघतं तेवढं पाहतात. त्या बाकड्यावर बसून मी हा किस्सा मीठमसाला लावून सांगितला. सुखदेव कसा डोळे मिटून हँडलवर बसतो, त्याची नक्कल केली. जे मी पाहिलेलंच नव्हतं. आणि शेवटी म्हणालो, "त्याचं नाव सुखदेव नाही, दुपाऱ्या."

बाकडं हसून हसून हललं. नाव चिकटलं. मी चहा पिऊन घरी गेलो.

तीन आठवड्यांनी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या फोनवर अण्णांचा आवाज आला. "मिस्त्री, ह्यो नवा ऑपरेटरबी झोपून राह्यला हो! त्याच्याआधी एक ठिवल्ता, त्योबी तसाच. समदा जिल्हा झोपाळू झाला का काय?"

एक ऑपरेटर नाटकी असू शकतो. तीन ऑपरेटर एकाच वेळेला, एकाच मशीनवर, दुपारी एक वाजता नाटकी कसे असतील? मी फोन ठेवला आणि हत्यारांची पिशवी भरली.

गेलो. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती, अण्णांकडं उपवास. म्हणजे साइटवरून हलण्याचं मला काही कारणच नव्हतं. मी टिप्परच्या सावलीत बसून राहिलो. अण्णाही थांबले. एक वाजून गेला. मशीननं मुरमानं भरलेली बकेट उचलली, टिप्परवर आणली आणि तिथंच, हवेत, थांबलं. टिप्परचा ड्रायव्हर दार उघडून असा पळाला की त्याची चप्पल अजून तिथंच असेल. इंजिन चालू, हँडल हलतंय, मशीन ढिम्म.

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. ते स्वतः समोर उभे होते आणि तरी मशीन बंद पडलं होतं.

मी धावत जाऊन मीटर काढला. मेच्या उन्हात तापून त्याची काच काळीठिक्कर पडली होती. आकडा नाही, काही नाही. औरंगाबादचा शहाणा उन्हानं आंधळा झाला. करतो काय? टिप्परचा मागचा एक बल्ब काढला, दोन वायरी गुंडाळल्या आणि माझ्या जुन्या गावंढळ पद्धतीनं कॉइलच्या कपलरला लावला.

बल्ब पेटला. पण कसा? विझत आलेल्या विडीसारखा. लालसर, एवढासा.

तिथं मला माझी चूक कळली, आणि ती अशी होती की शिकाऊ माणसानंही करू नये. मीटर वायरीतून करंट जवळपास घेतच नाही. तो म्हणजे पंगतीत येऊन नुसता वास घेणारा आणि "स्वयंपाक भरपूर आहे" म्हणून निघून जाणारा पाहुणा. वायरीची एक तार शिल्लक असली तरी त्याला चोवीस दिसतात. बल्ब जेवायला बसतो. भात पुरतो की नाही, ते जेवणाऱ्यालाच कळतं. आणि कॉइलही जेवणारीच. सकाळी गार असताना तिचं अर्ध्या पोटी निभावायचं; दुपारी तापली की जास्त जोर हवा, आणि तो येत नव्हता. ती झडप सोडून द्यायची. जरा निवली की पुन्हा धरायची.

बल्ब घेऊन मी एकेक सांधा मागं सरकत गेलो. केबिनच्या पायरीखालच्या सांध्याच्या बॅटरीकडच्या बाजूला लख्ख, कॉइलकडच्या बाजूला विडी. तो कपलर उघडला तर आत मोरचुदासारखा हिरवट-निळा थर. तांब्याच्या सगळ्या तारा खाऊन टाकलेल्या, दोनच उरलेल्या. एवढं पाणी नेमकं इथंच कुठून आलं म्हणून मी वर पायरीकडं पाहिलं. पायरीच्या लोखंडी कोपऱ्यावर तपकिरी ओघळ होते, फटीत नारळाची शेंडी अडकली होती आणि त्यावर सुकलेलं कुंकू.

खंडेनवमीला आम्ही सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतो. अण्णा पोकलेनची करायचे. दरवर्षी, स्वतःच्या हातानं, त्याच कोपऱ्यावर नारळ फोडायचे. नारळाचं पाणी दरवर्षी सरळ खालच्या कपलरमध्ये.

"अण्णा," मी म्हणालो, "हे काय ते ओळखा."

त्यांनी शेंडी ओळखली. ती फटीतून ओढून काढली. मग म्हणाले, "द्येवाच्या नारळानं?"

"देवानं जागा नव्हती सांगितली, अण्णा."

नवा कपलर टाकून, तो तिथून हातभर बाजूला नेऊन बांधायला वीस मिनिटं लागली. मशीननं हवेतली बकेट रिकामी केली आणि अंधार पडेपर्यंत थांबलं नाही. मी हत्यारं गोळा करताना विचारलं, "सुखदेवचं काय?"

"हळू बोला," अण्णा इकडंतिकडं पाहत म्हणाले. "निरोप धाडतो त्याला, ये म्हणून. पर झालेलं आता चारचौघांत कशाला वाजवायचं? तुमचंबी नाव जाईल, मिस्त्री."

हे त्यांचं बरोबर होतं. माझंही नाव गेलं असतं. म्हणूनच दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी मंठ्याला गेलो.

सुखदेव तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहत होता. सहा मालकांकडं जाऊन आला होता, सहाही जणांनी विचारलं होतं, "दुपाऱ्या तूच का?" आठ वर्षं हँडल धरलेला माणूस. सदऱ्याच्या गळ्यातून त्याचा खांदा दिसत होता, पोत्यांनी सोलवटलेला. तो मी पाहिला आणि दुसरीकडं बघायला लागलो.

"फॉल्ट सापडला," मी म्हणालो. "पायरीखालचा कपलर सडला होता."

"फॉल्ट हाय, हे मला म्हाईतच व्हतं."

"अण्णा परत बोलावून राह्यले."

"अण्णाचं सोडा. मी तुमाला दुपारपोत थांबा म्हणल्तो."

"हो."

"थांबले न्हाईत. मानूस धाडल्ता, तरी आले न्हाईत."

"हो."

त्यानं पोतं खाली ठेवलं. "चौफुलीवर माझं नाव कुणी ठिवलं, मिस्त्री?"

 "मी," म्हणालो.

"मंग तुमीच उतरवा. आत्ता."

तो माझ्या स्कूटरवर मागं बसला. आम्ही मंठ्याहून जालना गाठलं. चाचांच्या हॉटेलात बाकडं भरलेलं होतं. मला वाटलं होतं की एकदोघांना हळूच सांगावं, ते पुढं सांगतील. सुखदेव समोरच्या खुर्चीवर ताठ बसला आणि माझ्याकडं बघत राहिला. त्याच्यापुढं चहा आला, त्यानं हात लावला नाही.

मी उभा राहिलो. मीटर सांगितला, बल्ब सांगितला, नारळ सांगितला. नारळावर लोक हसले, मला वाटलं सुटलो. पण चाचा पक्के. कपबशी पुसत म्हणाले, "वो सब ठीक है मिस्त्री. ये बोला था ना दोपहर तक रुको. तुम रुके कायकू नहीं?"

"जेवायला गेलो होतो."

"क्या था खाने में?"

 "मटण," मी म्हणालो. "आणि हा डोळे मिटून बसायचा ते मी पाहिलेलं नव्हतं. ती नक्कल माझी होती."

"मटन कैसा था?"

खोटं बोलायची सवय मोडायचीच होती. "चांगलं होतं," मी म्हणालो.

आणि मग जो हशा उठला, तो माझ्या मुलीच्या लग्नापर्यंत पोचला. कुणीतरी मागून ओरडलं, "मटण मिस्त्री!" आणि दुपाऱ्या हे नाव तिथंच मेलं, कारण लोकांना त्याहून चांगलं नाव मिळालं होतं. बदनापूरचा एक मालक बाकड्यावरून म्हणाला, "सुखदेव, उद्यापासून येतो का? माझं मशीन दुपारी चालवायचंय."

सुखदेवनं तेव्हा कप उचलला. चहा थंड झाला होता, तरी पूर्ण प्याला. जाताना माझ्याजवळ थांबला. वाटलं, काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "मोंढ्यात माझी चप्पल राह्यली. स्कूटर द्या." मी दिली.

अण्णांकडं तो परत गेला नाही. अण्णा दोन हंगाम ऑपरेटर शोधत होते. नारळ आता लांबच्या दगडावर फोडतात, असं ऐकतो.

त्या दिवशी मी बसनं घरी आलो आणि मंगलला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटचा भाग जरा रंगवून, कारण चारचौघांत चूक कबूल करणं ही काही लहान गोष्ट नाही, असं मला वाटत होतं. ती भाकरी थापत होती. "हं" म्हणाली, तेवढंच.

सकाळी निघालो तर हत्यारांच्या पिशवीवर तीन पुडांचा डबा बांधून ठेवलेला.

"अगं, आज बदनापूरला चाललोय," मी म्हणालो. "तिथल्या मालकाकडं माळकरी आहेत सगळे. कांदासुद्धा खात नाहीत."

"असू द्या," मंगल म्हणाली. "वरण-पोळीला बोलावलं तरी जाल तुम्ही. डबा न्या, अन् दुपार टळल्याबिगर तिथून उठू नका."